दुसरी कढई कोण घासतं?

आमच्या घरात सगळ्या वस्तूंची किंमत लिटरात सांगितली जायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, दुधाशिवाय दुसऱ्या कशात विचारच करू शकत नसत. माझी शाळेची चप्पल सात लिटरची होती आणि आईचं लुगडं तीस लिटरचं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा दुरुस्तीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून आण्णा म्हणाले होते, "बारा लिटर? त्यापरीस कोंबडा पाळू." पाहुण्यांना याचं हसू यायचं. मला त्यात विशेष काही वाटत नसे, कारण जन्मल्यापासून मी तेच ऐकत होते. पाथर्डीच्या अलीकडे, एसटीच्या फाट्यापासून थोडं आत आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी आमची खव्याची भट्टी. दहा-बारा घरांचं दूध सकाळी आमच्या ओट्यावर यायचं, त्याचा खवा व्हायचा आणि तो अकराच्या एसटीनं नगरच्या एका मिठाईवाल्याकडे जायचा. एसटी चुकली की दुपारच्या उन्हात खव्याला वास सुटायचा आणि सकाळची सगळी मेहनत वाया. त्यामुळे देव्हाऱ्यात कितीही देव असले तरी सकाळी सहापासून अकरापर्यंत आमच्या घरात एकाच गोष्टीचा धाक होता, तो म्हणजे अकराच्या एसटीचा.

मला याद्या करायचं वेड कधी लागलं ते सांगता येणार नाही. पाढे यायच्या आधीपासून असावं. जुन्या कॅलेंडरची पाठची बाजू कोरी असते हा शोध लागल्यावर तर विचारायलाच नको. कुणाच्या गाईनं किती दूध दिलं, आईनं कोणत्या वारी कोणती भाजी केली, कोणती कोंबडी कुठे अंडं घालते, सगळ्याच्या याद्या. त्यांचा उपयोग काय असं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आजही माझ्या पर्समध्ये तीन याद्या असतात आणि चौथी, त्या तीन याद्यांची, घरी फ्रिजवर असते. मुलगा चेष्टा करतो. करू दे. गेली वीस-बावीस वर्षं या सवयीवरच माझं घर चाललंय. सुप्याच्या एमआयडीसीतले आणि आसपासचे लहान कारखाने, बेकऱ्या, लोणची-पापडाचे गट मला बोलावतात. त्यांच्याकडे काय काय आत जातं आणि काय बाहेर पडतं हे मी मोजून देते. याला पुस्तकात बहुघटक उत्पादकता असं जड नाव आहे. ते नाव कानावर पडायच्या कितीतरी आधी मी ते काम आमच्या भट्टीवर शिकले, आणि त्या शिकण्यात एका बाईचं घर जवळजवळ उठवलं. ते लिहून ठेवायला हवं.

भट्टी म्हणजे पत्र्याच्या छपराखाली शेजारी शेजारी दोन मोठ्या चुली. डावीकडच्या चुलीवर भागवत, उजवीकडच्या चुलीवर हिरामावशी. भागवत आमच्या भावकीतला, तिशीचा, पैलवानी अंगाचा. हिरामावशी माळावरच्या वस्तीवरून यायची. चाळिशीची असेल, पण मला ती तेव्हा म्हातारी वाटे. कढईत सहा लिटर दूध ओतायचं, खवा होईपर्यंत लोखंडी उलथण्यानं हलवत राहायचं आणि उतरवायचा, की एक घाणा झाला. भागवतचा जाळ ढणाढणा, त्याचं उलथणं खाड खाड वाजे. मावशीचा जाळ बसका, ती बुडापासून सावकाश ओढायची, आवाज यायचा तो कुणी अंगण झाडत असल्यासारखा. या दोन आवाजांनी मला जाग यायची. तिसरा आवाज भागवतच्या हाकेचा, "वैनी, कढई!" ही हाक सकाळभर पुन्हा पुन्हा यायची. आम्ही सगळे ती इतकी ऐकत होतो की कुणाला ऐकूच येत नव्हती. वासाचं तर काय सांगू. दूध आटायला लागलं की आधी गवताचा वास, मग गोड आणि शेवटी किंचित भाजल्यासारखा. न्याहारीला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आण्णा रागात नसले तर बोटभर गरम खवा. तो भाकरीवर पसरला की आपोआप वितळत चटणीत उतरायचा. नंतर मी पुष्कळ ठिकाणी जेवले, पण त्या न्याहारीच्या जवळ जाणारं काही मिळालं नाही.

भट्टीचा एक नियम होता. शेवटचा घाणा उतरल्यावर कढईच्या बुडाला जी खरवड चिकटून राहते, ती हलवणाऱ्याची. तिची मजुरीत गणती नव्हती, आणि मालकानं तिकडे बघायचंही नाही. भागवतच्या बुडाशी खरवड काळी आणि जाड निघायची, ती तो कुत्र्यांना टाकायचा. मावशीची पातळ, बदामी. करवंटीच्या तुकड्यानं ती कढईची कड न् कड फिरायची आणि निघालेली मूठभर खरवड वडाच्या पानात बांधून लेकीसाठी, सुमनसाठी न्यायची. सुमन तेव्हा सहावीत होती. मावशीच्या वस्तीवरची माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. घराला कुलूप लावायचं, पोरं-शेरडं गाडीत घालायची आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या पट्ट्यात पालं ठोकायची. मावशीचंही तसंच चालायचं. तोडीला नवरा-बायको जोडीनं लागतात. मावशी आमच्या भट्टीवर बसायला लागली तेव्हापासून ती जोडी जायची थांबली, नवऱ्यानं गावातच विहिरीची कामं धरली. तीन हिवाळे त्या वस्तीवर एकच घर उघडं होतं. सुमन सलग तीन वर्षं एकाच शाळेत बसली होती, त्या वस्तीवर हे पहिल्यांदाच घडत होतं.

मी बारावीला, कॉमर्सला. रोज एसटीनं पाथर्डीला. तिथले आमचे सर एकदा फळ्याकडे पाठ करून म्हणाले, "उत्पादकता म्हणजे काही मोठं नाही. जे निघालं, त्याला जे घातलं त्यानं भागा. घरी जाऊन काहीतरी मोजून आणा." वर्गातल्या बाकीच्यांनी ते सोडून दिलं. मला मात्र कुणीतरी सणाचं आमंत्रण दिल्यासारखं झालं. मी आठवडाभर भट्टीवर पाट टाकून बसले. निघाला तो खवा. घातलं काय? माणूस. इतकं सरळ. भागवत सकाळी आठ घाणे काढतो, हिरामावशी पाच. भागवतचा नऊ किलो खवा, मावशीचा पावणेसहा. पट्टीनं रेघा मारून, लाल शाईनं मथळा लिहून मी ती यादी भट्टीच्या खांबाला खिळ्यानं ठोकली. भागवत पहिला, मावशी दुसरी. दोघंच होती म्हणून दुसरी, म्हणजे शेवटची. आण्णांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. भागवत छाती काढून म्हणाला, "मास्तरीन बाईनं पास केलं बरं का मला!" मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी दोनदा जेवले.

त्याच महिन्यात गावात दूध थंड करायची टाकी आली. जवळपास निम्म्या घरांनी दसऱ्यापासून तिकडे दूध घालायचं ठरवलं. त्यात कुणाची चूक नव्हती, तिथे दूध संध्याकाळीही घेत. तिसऱ्या दिवशी आण्णांनी जेवताना सांगितलं, "दसऱ्यापासून एकच चूल. उरलेल्या दुधाचं सहा घाणं हुतील. एकच मानूस ठेवायचं." आईनं विचारलं, "कोन?" आण्णांनी ताटावरून नजर न उचलता खांबाकडे हात केला. "पोरीनं लिव्हलंय की."

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तोडीचा मुकादम गावात यायचा आणि जोड्यांची नावं लिहून घ्यायचा. मावशीचं काम गेलं तर तिला त्या दिवशी नाव द्यावंच लागणार. गुरुवारला पंधरा दिवस होते.

मावशीला हे कुणी सांगितलं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं काम संपल्यावर मला खांबाकडे बोलावलं. तिला वाचता येत नव्हतं. "शोभे, यात माजं नाव कुठं गं?"

मी बोट ठेवलं.

"खाली का?"

"तुझे घाणे कमी भरतात, मावशी."

तिनं माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवून अक्षरांवरून फिरवलं. काजळी लागली. "घाने मोजलेस व्हय. मोळ्या मोजल्यास का?" आणि उजव्या भिंतीकडे मान वळवून म्हणाली, "माजी दुसरी मोळी बघ, आजून निम्मी भिताडाला टेकून हुबी हाय. भागवताची तिसरी सरली."

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की चुलीत लाकूडही जातं. हसू येतं आता, पण खरंच सांगते, रोज डोळ्यांसमोर जळणाऱ्या लाकडाला मी घातलेल्यात धरलंच नव्हतं. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मग सगळं धर की. दूध धर, लाकूड धर, मजुरी धर. पण लिटर, मोळी आणि माणूस यांची बेरीज करता येत नाही. सगळं आधी एका मापात आण." एसटीत बसल्या बसल्या मला एकदम आण्णांची आठवण झाली. आमच्या घरी तर ते माप आधीपासूनच होतं! मोळी दोन लिटरची. दिवसाची मजुरी पाच लिटरची, आणि आण्णा दोघांना सारखी देत, कढई सारखीच आहे म्हणून. म्हणजे सगळं लिटरात मांडायचं आणि खव्याच्या किलोनं भागायचं, की एक किलो खव्यात एकूण किती लिटर गेले ते कळणार. एवढं सुंदर माप ज्यांच्या जिभेवर होतं त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आण्णांचं हे माझ्यावर मोठं ऋण आहे. एकाहून एक वेगळ्या गोष्टी एका मापात आणायला मी पुढे कुठल्याही कारखान्यात अडले नाही.

मी पुन्हा पाट टाकला. या वेळी सगळंच मोजायचं असा चंग बांधला आणि तिथेच माझी मती फिरली. एका सकाळी मावशी पानात खरवड बांधत होती, तर मी तिच्या हातातलं पान घेतलं आणि तागडीत ठेवलं. वजनं लावली. वहीत लिहिलं. पान परत दिलं. मला त्यात काहीच वाटलं नाही. भागवतचं हसणं थांबलं तेव्हा मी वर पाहिलं.

मावशीनं ते पान उघडलं, चालत जाऊन उकिरड्याजवळच्या कुत्र्यापुढे ठेवलं आणि पदराला हात पुसले. "आजवर कुनी माज्या ताटातलं मोजलं न्हवतं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

आईनं मला त्या दिवशी जे सुनावलं ते सगळं लिहीत नाही. त्यातलं एक वाक्य एवढंच, की जेवणाऱ्याचे घास मोजणारी बाई कुणाच्या घरात सुखानं नांदत नाही. मग ती उठून मावशीच्या चुलीपुढे बसली. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस आई तिथे बसली. वहीत त्या तीन दिवसांची नोंद आहे: भागवत पाच घाणे, पाच घाणे, पाच घाणे. आठाचे पाच. एसटी दोनदा चुकता चुकता राहिली, भागवत पाटी डोक्यावर घेऊन फाट्याकडे पळत सुटला होता. मी शेरा लिहिला, लाकूड ओलं असावं. इतकी हुशार होते मी.

बुधवारी सकाळी मी बेरजा पुऱ्या केल्या. भागवतचं दूध, मोळ्या आणि मजुरी मिळून एकोणसाठ लिटर, खवा नऊ किलो. मावशीचे अडतीस लिटर, पावणेसहा किलो. दोघांचंही किलोला साडेसहा लिटर आणि वर थोडंसं. मावशीची लाकडात बचत, भागवतची मजुरीत, कारण तेवढ्याच मजुरीत तो जास्त माल काढायचा. आण्णांनी वही लांब धरून पाहिली. "सारकंच हाय म्हन की. मग भागवतच बरा, एसटी तर गाठतो." आणि वही मिटून माझ्या हातात दिली. त्यांचा स्वर कडक नव्हता. त्यांनाही ते आवडत नसावं, पण माझ्याच आकड्यांनी तसं सांगितलं होतं.

दुपारी मी वस्तीवर गेले. माफी मागायची असं ठरवलं होतं आणि त्यासाठी चार वाक्यांची यादी मनात केली होती. मावशी दारात गोधडीला टाके घालत होती. आत भिंतीला कोयता टेकवलेला, धार लावलेला. तो पाहिल्यावर माझी चारही वाक्यं गेली आणि मी रडायलाच लागले.

"ये, बस हितं," ती म्हणाली. "रडती कशाला? तुला काय मी मारलंय?" तिनं पाणी दिलं. मी पीत असताना म्हणाली, "उद्या नाव द्यायचंय. सुमनचं दप्तर बी बांधलं."

मी हुंदके देत सगळं सांगितलं. बेरजा सांगितल्या, दोघांचं सारखं आलं म्हणून सांगितलं. ती ऐकत होती, मधूनच सुई केसांवर घासत होती. मग एकदम म्हणाली, "काय गं, मी न्हाई तर माज्या चुलीपुढं कोन बसतं?"

"आई."

"आन् भागवताचं घानं किती निघत्यात?"

"पाच. लाकूड ओलं..."

"वलं न्हाई काय न् काय!" ती हसली. दोन दात पडलेले होते. "आगं येडे, त्यो वैनी कढई, वैनी कढई म्हनून वराडतो, ती दुसरी कढई कोन घासतं? त्येच्या चुलीत लाकडं कोन सारतं? मी माजी चूल माज्या हातानं सारते, माजी कढई मीच घासते. त्यो काय दोन हातांनी आठ घानं काढतो व्हय?"

ती हाक माझ्या कानात पहिल्यांदा ऐकू आली. भागवतचा जाळ मोठा, म्हणून बुडाला लागायचं. दर घाण्याला कढई बदलावी लागे. एक चुलीवर आणि दुसरी आईच्या हातात, राख, काथ्या आणि अर्धी बादली पाणी. त्यातच वाकून त्याच्या चुलीत लाकूड सारायचं. सहापासून दहापर्यंत. माझ्या यादीत आणि वहीतही आईचं नाव नव्हतं. खरवडीचं वजन होतं, आईचं नाव नव्हतं.

घरी येऊन मी आईला म्हटलं, "आई, तुझे हात बघू." ती म्हणाली, "का, यादी करतीस का बोटांची?" तळव्यांच्या रेघांत काजळी बसली होती, नखं झिजून आत गेलेली. मी तिला सांगितलं की तुझी मजुरी मी भागवतच्या चुलीवर धरणार आहे. ती घाबरलीच. "मी काय कामाला हाय का हितं? घरचीच तर हाय. काय तरी लिव्हशील आन् भांडनं लावशील."

लिहिलंच. भागवतची चूल: दूध अठ्ठेचाळीस, लाकूड सहा, भागवत पाच, आई पाच. एकूण चौसष्ट. किलोला सात लिटर आणि वर. मावशीची चूल: साडेसहा आणि थोडं. एवढ्याच चार ओळी. गुरुवारी सकाळी, मुकादम पारावर येऊन बसायच्या आत, मी ती वही आण्णांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला. बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि "आई पाच" यापाशी थांबलं. आई आत भांडी लावत होती, तिच्या भांड्यांचा आवाजसुद्धा बंद झाला.

"पाच लिटर," आण्णा म्हणाले. "रोजचं?"

"रोजचं."

"किती सालाचं?"

ते माझ्या यादीत नव्हतं.

आण्णांनी वही मिटली, टोपी घातली आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "हिरा सकाळी पाचच घानं काढती. सहावा कसा निघनार?" मी म्हटलं, "चूल अर्धा-पाऊण तास आधी पेटली पाहिजे. ती येते तोवर दूध तापलेलं पाहिजे." ते वस्तीच्या वाटेनं गेले. पारावर न जाता वस्तीकडे गेले हे पाहिल्यावर मी त्या दिवशी कॉलेजला जायला विसरले.

भागवतचं काय झालं हे सांगितलं नाही तर ते त्याच्यावर अन्याय केल्यासारखं होईल, कारण माणूस चांगला होता. आण्णांनी स्वतः शब्द टाकून त्याला दूध-टाकीच्या टेम्पोवर लावून दिलं, तिथे कॅन उचलायला असाच जोरकस माणूस हवा होता. पुढे तो टेम्पो त्यानं स्वतःच घेतला. माझ्या लग्नात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिनं मला पास करून नापास केलं, म्हनून मी मालक झालो."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती मावशीच्या उलथण्यानं नाही, तर खोकल्यानं. छपराखाली धूरच धूर, आणि त्यात उजव्या चुलीपुढे आण्णा उकिडवे बसून फुंकणी फुंकत होते. चूल पेटवायचं काम आजवर आईचं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. आई दारात चहाचा कप घेऊन उभी, त्यांना हसावं की उठवावं हे तिला कळत नव्हतं. मला पाहून आण्णा म्हणाले, "लिव्ह, माजं बी लिव्ह. आर्धा लिटर तरी धर." मावशी आली तेव्हा दूध उकळीला आलं होतं. तिनं जाळाकडे पाहिलं, दोन लाकडं बाहेर ओढली आणि म्हणाली, "आण्णा, एवढ्या जाळावं बैल भाजायचाय का?" त्या दिवशी सहा घाणे निघाले. एसटीला वीस मिनिटं होती.

आज मी कुठल्याही कारखान्यात पहिल्यांदा जाते तेव्हा मालक मला यंत्रं दाखवतात, कामगारांचा तक्ता दाखवतात, विजेचं बिल काढून ठेवतात. मी सगळं बघते. मग विचारते, "दुसरी कढई कोण घासतं?" त्यांना वाटतं बाई जरा तिरसट आहे. पण थोडं थांबलं की कुठून तरी उत्तर येतं. कुणाची बायको घरी बसून लेबलं चिकटवत असते, कुणाची आई दुपारी डबे धुते, कुणाचा निवृत्त बाप रोज गेट उघडतो. त्यांची नावं मी सगळ्यांत आधी लिहिते. खरवड मात्र मोजत नाही. बेकरीतल्या कामगारांनी नेलेले तुटके पाव, पापडवाल्या बायकांचे काठाचे तुकडे, असलं काही दिसलं की मी त्या वेळी दुसरीकडे बघते. नव्यानं काम शिकायला आलेल्या मुली विचारतात, मॅडम, हे राहिलं का? मी सांगते, राहिलेलं नाही, ते सोडलेलं आहे.

त्या दिवाळीला आईनं फराळाचं ताट माझ्याच हातात दिलं आणि म्हणाली, जा, तूच नेऊन दे. वस्तीवर सगळ्या दारांना कुलपं होती. एक दार उघडं होतं, त्याच्यापुढे सडा घातलेला आणि सुमन उंबऱ्यात पाढे म्हणत बसलेली. मावशीनं ताट घेतलं, वरचा रुमाल उचलून पाहिला.

"चकल्या मोजून आनल्या का गं?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं. बाहेर आली तेव्हा ताटाच्या मधोमध वडाचं पान होतं, त्यात सकाळची खरवड, बदामी, अजून मऊ. मी ती तिथेच उंबऱ्यावर सुमनशेजारी बसून खाल्ली. किती होती ते मला माहीत नाही.